चिलखतात माया किती ठेवायची

फोम घासला की त्याची भुकटी कुठे कुठे जाऊन बसेल, याचा अंदाज घासणाऱ्यालाही येत नाही. काम संपून महिने लोटतात आणि ती डाळीच्या डब्याच्या झाकणाखाली सापडते, चष्म्याच्या घरात सापडते, आणि एकदा तर ती माझ्या प्रयोगशाळेतल्या अतिसूक्ष्म तराजूच्या काचेआड सापडली! आमच्या चिलखताच्या किश्श्यांचंही तसंच झालं आहे. ते आम्ही जमवले नाहीत. आम्ही काम दुसरंच करत होतो. हे मागे उरले.

आधी माणसं सांगते, म्हणजे पुढे घोटाळा नको.

मी पॉलिमर शास्त्रात एम.एस्सी. केलं आणि काशीमीऱ्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरी धरली. खोके, पिशव्या आणि बाटल्या फुटेपर्यंत दाबणं आणि त्या नेमक्या कधी फुटल्या हे लिहून ठेवणं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. भाईंदरच्या नवघरमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर वैदेही राहते. वय सव्वीस. बँकेच्या बॅक ऑफिसमधली नोकरी सोडून तिने अंगावर घालता येतील अशी चिलखतं करण्याचा ध्यास घेतला होता. तिची आई, सुलभाकाकू, तीस वर्षं ब्लाउज शिवतात. तिसरा मंगेश. खारी गावचा, मंडप आणि डेकोरेशनवाला, आणि कोणतीही गोष्ट 'होते' असं मानणारा.

वैदेहीपुढची परिस्थिती अगदी स्वच्छ होती. नाटकांना आणि मॉलमधल्या कार्यक्रमांना वेशभूषा पुरवणाऱ्या एका कंपनीला कार्यशाळेत एक कायमचा माणूस हवा होता. अट अशी, की उमेदवाराने स्वतः केलेलं चिलखत स्वतः घालून यायचं, आणि दोन तास ते अंगावर ठेवून चालायचं, बसायचं, जिना चढायचा. मे महिन्यात!

काकूंनी त्यावर स्वतःची अट घातली होती. "मिळाली ही नोकरी तर माझं काही म्हणणं नाही. नाही मिळाली, तर एक तारखेपासून मामाच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसायचं. मामाने खुर्ची पुसून ठेवलीय."

म्हणजे वैदेहीला एकच चिलखत करायचं होतं, आणि ते एकदाच घालायचं होतं.

*

साहित्याची निवड ही भावनेवर सोडण्याची गोष्ट नाही, या मताची मी असल्यामुळे मी एक तक्ता तयार केला. पाच साहित्यं, सात निकष: वजन, लवचीकता, उष्णतेने मऊ होण्याची मर्यादा, आगीजवळचं वर्तन, इत्यादी. तक्ता छापून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला चिकटवला. आमचं काम तिथल्याच सावलीत चालत असे.

मंगेशने तो तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, मान डोलावली, "एक नंबर, मॅडम," म्हणाला आणि निघून गेला. तासाभराने परतला तो स्टीलच्या दोन भल्यामोठ्या पराती घेऊन! भाईंदरला भांड्यांचे गाळे कमी नाहीत, आणि त्यातल्या एकात त्याचा मेव्हणा आहे.

"लोखंडाचा चिलखत लोखंडाचाच पायजे. एक पुढे, एक पाठी. मधी पट्टा मारला का झाला!"

तक्त्यातली पहिलीच ओळ पोलादावर होती आणि तिच्यापुढे मी लाल शाईने फुली मारली होती. पण वैदेहीला घालून पाहायचंच होतं. तिने घातलं. चार पावलं चालली. मग 'बसून बघते' म्हणून खाली बसली, तोल जाऊन पाठीवर पडली, आणि उलथलेल्या कासवासारखी हातपाय हलवत राहिली. आम्हा दोघांना ती उचलेना!

इतक्यात काकू चहा घेऊन वर आल्या. लेकीकडे त्यांनी नीट पाहून घेतलं. किटली खाली ठेवली.

"उतरवून झालं की मागची परात मला द्या. माझी कणकेला लहान पडते."

आणि घेतली! आजही त्यांच्याकडे कणीक त्याच परातीत मळली जाते.

*

त्यानंतर शिरस्त्राण. मंगेशने थर्माकोलमधून ते असं कोरलं, की मी मनातल्या मनात माझे काही पूर्वग्रह मागे घेतले. नाकावरची पट्टी, कानांवरचे पंख, मागची झालर. दीड दिवसाचं काम होतं.

मी खाली फोन घ्यायला गेले आणि पाच मिनिटांत वर आले. मंगेश चंदेरी स्प्रेचा डबा हातात धरून उभा होता, आणि त्याच्यासमोर ते शिरस्त्राण वितळत होतं! वितळणं हा शब्दही सौम्य आहे. ते आपल्याआपण आत ओढलं जात होतं. आधी पंख गेले, मग नाक, आणि शेवटी टेबलावर चंदेरी चिकट थुंकीसारखं काहीतरी उरलं. असल्या स्प्रेमधलं द्रावण थर्माकोल खातं. पहिल्या वर्षाला शिकवतात.

"मंगेश," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, "तक्त्यात स्पष्ट लिहिलं होतं. थर्माकोल. स्प्रे रंग. निषिद्ध."

"ता मी वाचला ना, मॅडम! सगल्या दुकानांत इचारला. निषिद्धचा स्प्रे कुठंच न्हाय. मंग दुसऱ्या कंपनीचा आनला."

मी टाकीवरचा तक्ता काढला आणि नवा लावला. त्यात आता 'निषिद्ध' नाही. 'लावू नये' आहे.

*

शेवटी शिरस्त्राणासकट सगळ्यासाठी ईव्हीए फोमवर एकमत झालं. चपलांच्या तळव्याला वापरतात तो. गरम हवेने वळतो, कापता येतो, आणि मुख्य म्हणजे वजनाला काहीच नाही.

स्टेशनजवळच्या एका दुकानात मी स्वतः गेले, कारण आता दुसऱ्यावर सोपवण्याचं धैर्य नव्हतं. गल्ल्यावर जिग्नेशभाई नावाचे गृहस्थ होते.

"फोम चाहिए. दस एमएम. एकदम हल्का."

त्यांचा चेहरा पडला. "बेन, हल्का माल हम रखते नहीं."

"हल्का नहीं रखते?"

"पूरी मार्केट में पूछ लो. जिग्नेश हल्का माल नहीं बेचता. बाप के टाइम से!"

मी समजावलं. मला वजनाला हलका हवा आहे, दर्जाला नव्हे. हे दोन भिन्न गुणधर्म आहेत. घनता कमी असूनही प्रत उत्तम असू शकते. मी बोलत गेले तसतसे ते अधिक दुखावत गेले. मागच्या थप्पीत मला हवा तो फोम समोर दिसत होता, आणि तो मला मिळत नव्हता, कारण मी त्याचं खरं वर्णन केलं होतं!

बाहेर स्कूटरवर बसलेला मंगेश आत आला. गल्ल्यावर कोपर टेकून म्हणाला, "शेठ, भारीवाला हल्का द्या."

"हाँ, तो ऐसा बोलो ना!" जिग्नेशभाई उठले आणि थप्पीतला नेमका तोच फोम त्यांनी काढून दिला.

पदार्थविज्ञानात ज्या वाक्याला काहीही अर्थ नाही, त्या वाक्यावर माल मिळाला. 

*

जाड फोम मात्र त्या आठवड्यात त्यांच्याकडे संपला होता. छातीच्या भागासाठी तोच हवा. वैदेहीने तोड काढली: बालवाडीत जमिनीवर अंथरतात त्या अक्षरांच्या चटया. त्याच साहित्याच्या, त्याच जाडीच्या. प्रत्येक चौकोनात एक अक्षर, ते बाहेर निघतं आणि परत बसतं. अक्षरं आत चिकटवायची, फट बुजवायची, घासायचं आणि रंगवायचं.

मी आक्षेप नोंदवला. सांध्यावर ताण आला की फट दिसणार. वैदेही म्हणाली, "ताई, मी तीन थर दिलेत. आता कुणाच्या बापाला दिसणार नाही."

दिसतही नव्हतं, हे मी मान्य करते. पूर्ण दिवस घालवून तिने त्या छातीवर असा काही पोलादी रंग चढवला होता, की मी बोटाने टिचकी मारून खात्री केली. सुकायला ते दुपारभर उन्हात ठेवलं.

चार वाजता तिने ते घातलं आणि आमच्याकडे वळली. उन्हाने फोम ताणला गेला होता. छातीच्या ऐन मध्यभागी, वीतभर उंचीचं, रेखीव, दुरूनही वाचता येईल असं एक अक्षर उमटलं होतं.

ढ.

 वैदेहीने आमच्या चेहऱ्यांवरून ओळखलं आणि खाली पाहिलं.

काकू वाळत घातलेले कपडे काढत होत्या. त्या थांबल्या, चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "चौथीत बाई तोंडी सांगायच्या. आता छापून आलं."

छातीचा भाग नव्याने करावा लागला. जिग्नेशभाईंनी जाड फोम मागवून दिला. भारीवाला.

*

हा किस्सा छोटा आहे. फोम जोडायला जे रबर सोल्यूशन लागतं, त्याला उग्र वास येतो. ते मोकळ्या हवेतच वापरायचं, हा माझा दंडक. पण गच्चीवरून तो वास जिन्यात उतरला आणि सोसायटीचे सचिव तणतणत वर आले. हातात कोरं लेटरहेड. म्हणजे नोटीस इथेच लिहायची तयारी!

समोर वैदेही खांदे, मनगटपट्टे आणि नवी छाती चढवून उभी. मंगेश तिच्या बरगडीत झाडूचा दांडा जोर लावून खुपसत होता. मी बाजूला वही घेऊन नोंदी करत होते.

सचिवांनी तो दांडा तीन वेळा जाऊन आदळताना पाहिला.

"लागत नाही तुला?"

"नाही काका."

ते लेटरहेड घडी घालून खिशात ठेवत हळूच म्हणाले, "एक्स्ट्रा लार्जमध्ये एक होईल का? जूनमध्ये सर्वसाधारण सभा आहे."

*

आता माझी चूक. दुसऱ्यांच्या सांगितल्या, तर हीही सांगायला हवी.

वैदेहीची मापं मी घेतली होती. प्रत्येक माप तीनदा घेतलं, सरासरी काढली, मिलिमीटरमध्ये लिहिलं. त्या आकड्यांवर सगळं कापलं गेलं. जोडणी झाली, पट्टे आवळले, आणि चिलखत तिच्या अंगावर असं बसलं की फटीतून कागद सरकला नसता! मी आयुष्यात इतकं अचूक काम पाहिलं नव्हतं आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

वैदेही काहीच बोलत नव्हती.

"बोल ना. कसं वाटतंय?"

ती लाल झाली. मग जांभळट. मंगेश ओरडला, "मॅडम, तिला दम घेता येत न्हाय!"

आम्ही पट्टे कापून तिला बाहेर काढलं. मापं घेताना मी तिला 'स्तब्ध उभी राहा' म्हणाले होते, आणि ती शहाणी मुलगी दर वेळी श्वास सोडून, पोट आत घेऊन उभी राहिली होती. तिन्ही वेळा! चूक तिन्ही वेळा सारखीच असल्यामुळे सरासरीत ती अजिबात दिसली नाही. परीक्षेला दहा दिवस होते.

काकूंनी ते चिलखत उचललं, उलटं केलं, कडांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मंजिरी, माया कुठाय?"

मला वाटलं, बाई मुलीच्या काळजीने भावुक झाल्या आहेत. मी म्हणाले, "काकू, माया आहे हो. आम्ही सगळे तिच्यासाठीच तर—"

"अगं ती नव्हे! शिवणीतली! कडेला दोन बोटं जास्तीचं ठेवतात ना, सैल करायला? तू तर काठाला काठ भिडवलास. ब्लाउज अस्सा शिवला असता तर नवघरातल्या बायकांनी मला नवघरात राहू दिलं नसतं. माप माणसाचं घेतलंस का फोटोचं?"

दोन पदव्या आणि बारा वर्षांची नोकरी, आणि हा शब्द मला ठाऊक नव्हता! माझ्या तक्त्यात सात निकष होते. आठवा मी त्याच दुपारी हाताने लिहिला.

मग चार दिवस ते चिलखत खाली काकूंच्या मशीनशेजारी होतं. जाड फोम मशीनच्या सुईखाली जाईना, म्हणून त्यांनी दाभण घेतलं. दोन्ही बाजू उकलून मध्ये नाड्या घातल्या. आतून सुती अस्तर, काखेत जाळीचं कापड, खांद्यावर जिथे भार येतो तिथे कापसाची पातळ गादी. "मामाची खुर्ची वाट बघतेय," असं त्या दर टाक्याला बजावत होत्या आणि टाका घालत होत्या.

*

रंगीत तालीम म्हणून वैदेहीने पूर्ण चिलखतात नवघर रोडला जाऊन यायचं ठरलं. लोक काय म्हणतील, गर्दी जमेल का, याची मला खरोखर चिंता होती. मी सोबत पाण्याची बाटली आणि ओळखपत्रं घेतली.

कोणी ढुंकूनही पाहिलं नाही! भर दुपारी, भर बाजारात, कानांवर पंख असलेली एक पोलादी बाई भाजीच्या गाड्यांमधून चालली होती आणि लोक तिला 'जरा सरका' म्हणत होते.

खारीची एक म्हातारी भाजीवाली तेवढी थांबली. तिने वैदेहीला पायापासून शिरस्त्राणापर्यंत निरखलं.

"बाय, ह्या उन्हात सुती घालावा!"

"सुतीच आहे, मावशी. आतून."

"मंग बरा हाय," म्हातारी म्हणाली आणि शेवग्याच्या शेंगा पुढे केल्या.

*

परीक्षा मीरा रोडच्या एका हॉलमध्ये होती. सहा उमेदवार. निवड करणारे एकच गृहस्थ, कार्यशाळेचे प्रमुख. पांढरी दाढी, बोलणं कमी. काकू शेवटच्या रांगेत मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. एक तारीख चार दिवसांवर होती.

पहिल्या तासातच पडझड सुरू झाली. एकाचा खांदा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर गळून पडला. त्याने तो शांतपणे उचलून काखेत धरला आणि पुढे चढला. एकाला बसता आलं नाही. एकाने पाऊण तासात स्वतःच शिरस्त्राण काढून ठेवलं आणि पंख्याखाली जाऊन उभा राहिला. वैदेही चालली, बसली, उठली, जिना दोनदा चढली. दोन तास भरले तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता, पण ती हसत होती. मंगेशने माझ्या पाठीत असा जोराचा धपका मारला की माझा चष्मा पडला.

दाढीवाले गृहस्थ तिच्याजवळ आले. बाहेरून त्यांनी जेमतेम पाहिलं. म्हणाले, "उतरव." तिने उतरवून दिलं. त्यांनी ते टेबलावर पालथं घातलं आणि आत हात घालून बराच वेळ अस्तर, जाळी, नाड्या चाचपत राहिले.

"हे आतलं कोणी केलं?"

तिला 'मी' म्हणता आलं असतं. कोणाला कळणार होतं? मंगेश तर माझ्या कानात पुटपुटलाही, "बोल मी, बोल मी."

"आईने," वैदेही म्हणाली.

"हं." त्यांनी मान हलवली. "बाहेरचं काम चांगलं आहे तुझं. पण फोम कापणारे माझ्याकडे आठजण आहेत. हे करणारं एकही नाही. माझे कलाकार तासाभरात कपडे फेकतात. आई आल्यात का?"

काकूंनी शेवटच्या रांगेतून हात वर केला, शाळेत करतात तसा.

"ताई, जागा एकच आहे आणि ती मी तुम्हाला देतोय. कधीपासून याल?"

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना.  वैदेही हातातल्या शिरस्त्राणाकडे पाहत होती. तिने मान वर केली नाही.

काकू सावकाश पुढे आल्या. पर्स टेबलावर ठेवली. त्यांच्या हातून चिलखत काढून घेतलं, सुलटं केलं, एक दोरा लोंबत होता तो दातांनी तोडला.

"येईन की. पण मला हेल्पर लागतो."

"देऊ ना, ताई! आमच्याकडे मुली आहेत."

"तुमच्या नकोत. मी माझी आणलीय." त्यांनी वैदेहीचं कोपर धरून तिला पुढे ओढलं. "ही घ्या. हात जरा सावकाश आहे, पण शिकेल."